१४ डिसेंबरच्या संहितेत दोन नावं घाला

प्रति,
आकाशवाणीची केंद्रं, खासगी एफएम वाहिन्या आणि गाण्यांची ॲप चालवणाऱ्या कंपन्या. त्यातही तिथे बसून रोजचा ‘दिनविशेष’ लिहिणारी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

विनंती एकच आहे, ती आधीच सांगून टाकतो. येत्या १४ डिसेंबरला राज कपूरचा वाढदिवस जरूर साजरा करा, पण त्याच तारखेला गेलेल्या शैलेंद्र आणि ग. दि. माडगूळकर या दोन गीतकारांची नावंही घ्या. आणि घेता घेता सवय लागलीच, तर १५ डिसेंबरलाही गाण्याबरोबर गीतकाराचं नाव सांगत जा.

मी गाण्यांच्या कार्यक्रमांचं निवेदन करतो. दिवाळी पहाट, गणेशोत्सव, कुणाची एकसष्टी, रामनवमीला सोसायटीच्या पटांगणात गीतरामायण, असं सगळं. त्यामुळे तारखांचं महत्त्व मला तुम्ही सांगायला नको. संहितेत काही सुचेनासं झालं की आम्हीही ‘आजच्याच दिवशी’ असं म्हणून वेळ मारून नेतो. तुम्ही तर रोज सकाळी तेच करता, आणि लोक चहा पिता पिता ते ऐकतात. म्हणून हे पत्र तुम्हाला.

१४ डिसेंबर १९२४ रोजी पेशावरला राज कपूर जन्मला, हे तुमच्या संहितेत असतंच. मग ‘श्री ४२०’ किंवा ‘आवारा’तलं एखादं गाणं लागतं. निवेदक मुकेशचं नाव घेतो, शंकर-जयकिशनचं घेतो. गाणं सुरू होतं आणि ‘मेरा जूता है जापानी’ हे शब्द ज्याचे, तो बाहेरच उभा राहतो. शैलेंद्र १४ डिसेंबर १९६६ ला, म्हणजे राज कपूरच्या ४२व्या वाढदिवशी गेले. त्यांचं वय ४३. ज्या माणसाला राज कपूर ‘कविराज’ म्हणायचा, त्याची पुण्यतिथी दरवर्षी त्याच राज कपूरच्या वाढदिवसाच्या केकखाली झाकली जाते. केक कापू नका असं मी म्हणत नाही. पण त्या दिवशी राज कपूरचीच गाणी लावायची आणि त्यातल्या अनेकांच्या कर्त्याचा उल्लेखही करायचा नाही, हे जरा अतीच होतं.

बरं, या दोघांची गोष्ट रेडिओवर सांगायला इतकी सोयीची आहे की ती तुम्ही सोडता कशी, हेच मला कळत नाही. माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये काम करणारा एक तरुण फाळणीच्या दिवसांत ‘जलता है पंजाब’ ही कविता एका कार्यक्रमात म्हणतो. राज कपूर ती ऐकतो आणि सिनेमासाठी विकत मागतो. तरुण ‘इप्टा’ या नाट्यसंघटनेतला, डाव्या विचारांचा. माझी कविता विकाऊ नाही, असं म्हणून तो निघून जातो. पुढे घरात बाळाची चाहूल लागते, पैशांची ओढाताण होते, तेव्हा तोच राज कपूरकडे येतो आणि पाचशे रुपये मागतो. त्यातून ‘बरसात’ची दोन गाणी होतात, त्यांपैकी एक चित्रपटाचं शीर्षकगीत. साल १९४९. पुढची सतरा वर्षं म्हणजे हिंदी गाण्याचा अर्धा इतिहास.

आणि शेवट? फणीश्वरनाथ रेणूंच्या कथेवर शैलेंद्रांनी स्वतः ‘तीसरी कसम’ काढला. दिग्दर्शन बासू भट्टाचार्यांचं, काम राज कपूर आणि वहीदा रहमान यांचं. चित्रपट रखडला, कर्ज वाढलं, आणि १९६६ मध्ये तो लागला तेव्हा पडला. थोड्याच दिवसांत शैलेंद्र गेले. पुढच्या वर्षी त्याच चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. इथे एक गंमत तुमच्या कामाची आहे. ‘तीसरी कसम’मधलं ‘दुनिया बनानेवाले’ लोक हमखास शैलेंद्रांच्या खात्यावर टाकतात. ते हसरत जयपुरींचं. नावं न सांगण्याची सवय लागली की असं होतं: एकाचं काढून दुसऱ्याला दिलं जातं, आणि दोघांवरही अन्याय होतो.

‘मेरा नाम जोकर’ १९७० साली आला. त्यातल्या ‘जीना यहाँ मरना यहाँ’चा मुखडा शैलेंद्रांचा. गाणं पुरं व्हायच्या आत ते गेले आणि त्यांचा मुलगा शैली शैलेंद्र याने ते पूर्ण केलं. राज कपूरच्या वाढदिवसाच्या कार्यक्रमाचा शेवट बहुतेक वेळा याच गाण्याने होतो. म्हणजे ज्याची पुण्यतिथी, त्याचं अर्धं राहिलेलं गाणं, त्याच तारखेला, त्याचं नाव न घेता. एवढा योग जुळून आलेला असताना निवेदकाने गप्प बसावं?

शैलेंद्रांना फिल्मफेअर तीनदा मिळालं. ‘यहूदी’साठी, ‘अनाड़ी’साठी आणि शेवटचं ‘ब्रह्मचारी’साठी, तेही मरणोत्तर. पण पुरस्कारांपेक्षा मला दुसरीच गोष्ट सांगाविशी वाटते. ‘हर ज़ोर-जुल्म की टक्कर में हड़ताल हमारा नारा है’ ही घोषणा मुंबईच्या मोर्च्यांत आजही ऐकू येते. देणाऱ्याला वाटतं ही कुठून तरी आपोआप आली. ती शैलेंद्रांच्या कवितेची ओळ आहे. लोकांच्या तोंडी गेल्यावर कवीचं नाव गळून पडणं हा एका परीने मानच. पण तो मान लोकांनी द्यायचा. रेडिओने आणि ॲपने तो परस्पर देऊ नये.

आता आपल्या घरचं. १४ डिसेंबर १९७७, पुणे. गजानन दिगंबर माडगूळकर गेले, ५८व्या वर्षी. (त्याच आठवड्यात तिकडे अमेरिकेत ‘सॅटरडे नाइट फीव्हर’ लागला आणि जगभर डिस्कोचं खूळ पसरलं. इंग्रजी दिनविशेषांची भाषांतरं करणाऱ्यांना हे बरोबर सापडतं.) गदिमांबद्दल मराठी केंद्रं तरी त्या दिवशी बोलतात, हे मी मान्य करतो. पण बोलतात ते गीतरामायणापुरतं. गीतरामायणाचं महत्त्व मी कमी करतोय असं समजू नका, त्यावर माझी रामनवमी चालते. १ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी. पुणे केंद्रावरून पहिलं गाणं गेलं, आणि मग आठवड्याला एक याप्रमाणे वर्षभर. त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून बावन्नऐवजी छप्पन्न गाणी झाली. गदिमांनी लिहायचं, सुधीर फडक्यांनी चाल लावायची, आणि केंद्रावरच्या सीताकांत लाडांनी दोघांच्या मागे लागायचं. ज्या आकाशवाणीने एका कवीकडून हे करवून घेतलं, तिच्याकडून अपेक्षा जास्त असणारच.

पण गीतरामायणाबाहेरचे गदिमा तर जवळजवळ बेनामीच झालेत. ‘इंद्रायणी काठी, देवाची आळंदी’ घ्या. आषाढीच्या आधी महिनाभर तुम्ही हे गाणं वाजवता. भीमसेन जोशींचं नाव घेता, ते घ्यायलाच हवं. ऐकणाऱ्यांतले निम्मे लोक हा जुना अभंग समजतात. हे १९५३ च्या ‘गुळाचा गणपती’मधलं गाणं आहे, संगीत पु. ल. देशपांड्यांचं, शब्द गदिमांचे. ‘कानडा राजा पंढरीचा’चंही तेच. ‘झाला महार पंढरीनाथ’ या १९७० च्या चित्रपटातलं हे गाणं सुधीर फडके आणि वसंतराव देशपांडे गायले. भजनी मंडळांत ते ज्ञानोबा-तुकोबांच्या रांगेत म्हटलं जातं, आणि एका ॲपवर मी त्याच्या खाली ‘पारंपरिक’ असं लिहिलेलं वाचलं आहे. मृत्यूला पन्नासही वर्षं झाली नव्हती तेव्हा माणूस परंपरेत जमा! ‘बुगडी माझी सांडली गं’ तमाशातली जुनी लावणी वाटते. ‘सांगत्ये ऐका’साठी ती गदिमांनी लिहिली. ‘नाच रे मोरा’ शिकल्याशिवाय मराठी मूल बालवाडीतून बाहेर पडत नाही. ‘देवबाप्पा’, १९५३, चाल पुलंची, गळा आशा भोसल्यांचा. तेही त्यांचंच. अभंगाच्या बाजाचं लिहिलं तर अभंग वाटावं, लावणी लिहिली तर फडावरची वाटावी आणि मुलांसाठी लिहिलं तर मुलांनीच रचल्यासारखं वाटावं, ही त्यांची ताकद. त्या ताकदीचीच शिक्षा त्यांना मिळते आहे. त्यांच्या पुण्यातल्या स्मारकाचा विषय मी या पत्रात काढत नाही. तो काढला की पत्र महापालिकेला लिहावं लागेल आणि लांबेल.

परदेशी संगीताच्या वाहिन्या चालवणाऱ्यांनी या पत्रातून सुटलो असं समजू नये. तुमचाही १४ डिसेंबर याच दुखण्याचा आहे. १९६३ मध्ये या दिवशी डेट्रॉइटला अमेरिकन गायिका डायना वॉशिंग्टन गेली, वय ३९. तिचं सर्वांत गाजलेलं गाणं ‘व्हॉट अ डिफरन्स अ डे मेक्स’; एका दिवसाने केवढा फरक पडतो, असं म्हणणारं. दिनविशेषासाठी याहून चपखल गाणं जगात नसेल. तिने ते १९५९ साली गायलं, पण मूळ गाणं त्याच्या पंचवीस वर्षं आधीचं आणि स्पॅनिश. मेक्सिकोच्या मारिया ग्रेव्हेर या बाईंनी १९३४ मध्ये त्याचे शब्दही लिहिले आणि चालही बांधली. इंग्रजी शब्द स्टॅन्ली ॲडम्स यांचे. या दोघांची नावं रेडिओवर कधी ऐकली? मी तरी नाही.

याच तारखेचा आणखी एक किस्सा उलट्या बाजूचा आहे. अहमेत एर्टेगन हा तुर्कस्तानच्या राजदूताचा मुलगा. १९४७ मध्ये त्याने भागीदारीत अटलांटिक रेकॉर्ड्स सुरू केली आणि रे चार्ल्ससारख्यांना जगासमोर आणलं. २००६ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये रोलिंग स्टोन्सच्या कार्यक्रमाच्या वेळी रंगमंचामागे तो पडला, आणि १४ डिसेंबरला गेला. हा कंपनीचा मालक स्वतः गाणीही लिहायचा. रे चार्ल्सने १९५३ मध्ये गायलेलं ‘मेस अराउंड’ त्याचंच. पण गीतकार म्हणून तो आपलं आडनाव उलटं करून लावायचा: नुगेत्रे. ज्याच्या हातात तबकडीवर काय छापायचं हे होतं, त्याने आपलं नाव आपल्या मर्जीने लपवलं. आपल्याकडच्यांना ही मर्जी विचारतो कोण? (‘द क्लॅश’ या बँडचा ‘लंडन कॉलिंग’ हा अल्बम इंग्लंडमध्ये बाहेर पडला तो १४ डिसेंबर १९७९ ला. तो तुम्ही सांगताच, त्यामुळे त्यावर बोलत नाही.)

तुमची उत्तरं मला माहीत आहेत. पहिलं, वेळ नसतो. ‘गीत ग. दि. माडगूळकर’ हे मी सावकाश म्हणून पाहिलं आहे. दोन सेकंदं पुरतात. त्याच्या आधी प्लॉटिंगची जाहिरात किती वेळ चालते ते तुम्हीच मोजा. दुसरं उत्तर, श्रोत्यांना त्यात रस नसतो. हे मला अजिबात पटत नाही, आणि त्याला आधार तुमच्याच इतिहासात आहे. १९४९ मध्ये ‘महल’ आला. ‘आयेगा आनेवाला’च्या तबकडीवर गाणाऱ्याचं नाव काय होतं? ‘कामिनी’. म्हणजे मधुबालाच्या भूमिकेचं नाव. रेडिओवर गाणं वाजलं आणि ही गायली कोण, असं विचारणारी पत्रं आकाशवाणीकडे आली. मग रेकॉर्ड कंपनीकडे चौकशी झाली आणि लता मंगेशकर हे नाव प्रसारणात सांगितलं गेलं. तोवर पार्श्वगायिकेचं नाव सांगण्याची फारशी पद्धत नव्हती. श्रोत्यांनी विचारलं म्हणून ती प्रथा पडली. गीतकारांसाठी हाच आग्रह पुढे साहिर लुधियानवींनी धरला. विविधभारतीच्या जुन्या उद्घोषकांना ते वळण होतं: चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार, आणि मग गाणं. मराठी केंद्रांवर तर ‘गीत, संगीत, स्वर’ या तीन शब्दांचा एक ठेकाच होता. मी तुमच्याकडून नवं काही मागत नाही. तुम्हीच लावलेली आणि तुम्हीच मोडलेली शिस्त परत मागतो आहे.

ॲपवाल्यांचं उत्तर वेगळं असतं: आमच्याकडे माहिती येते ती कंपनीकडून, आम्ही फक्त दाखवतो. यात थोडं तथ्य आहे. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षरी क्रमांक असतो आणि तुमचा सगळा कारभार त्यावर चालतो. शब्द-चालीच्या मूळ रचनेला आयएसडब्ल्यूसी हा वेगळा क्रमांक असतो. तो तुमच्या पडद्यापर्यंत पोचत नाही. त्यामुळे एकच गाणं पन्नास जणांनी गायलं तर तुमच्यासाठी ती पन्नास गाणी, आणि ज्याच्यामुळे ते एक गाणं आहे तो माणूस कुठेच नाही. पण मग ‘आठवणीतली गाणी’सारखं संकेतस्थळ हजारो मराठी गाण्यांखाली गीत, संगीत, स्वर, चित्रपट, राग असं सगळं कसं देतं? तिथे काही तुमच्याएवढा पैसा नाही. ज्यांना करावंसं वाटलं त्यांनी केलं. ‘गदिमा’ असं शोधलं की त्यांची गाणी एका जागी यावीत, एवढं तुमच्यासारख्यांना अवघड असेल असं मला वाटत नाही.

मला ज्या आक्षेपावर खरंच विचार करावा लागला, तो एका मित्राचा. तो व्हायोलिन वाजवतो. म्हणाला, गीतकाराचं नाव निदान कुठेतरी छापलेलं तरी सापडतं, आमचं काय? संगीत संयोजकांचं काय? कित्येक गाण्यांचे सुरुवातीचे तुकडेच लोकांना आधी आठवतात, ते कुणी रचले हे कुणाला माहीत आहे? त्याचं खरं आहे. त्याच्यासाठी वेगळं पत्र लिहायला हवं आणि ते त्यानेच लिहावं. गीतकारांबाबत मी भांडतो आहे कारण इथे निदान ‘माहिती नाही’ ही सबब चालत नाही, आणि कायदाही त्यांच्या बाजूने आहे. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ सांगतं की हक्क विकून टाकले तरी ही कृती माझी आहे, असं म्हणण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटाही पक्का केला. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत त्यासाठी भांडले होते.

त्याच कायद्यात मुदतीचा हिशेब आहे: लेखक गेल्यानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं. म्हणजे शैलेंद्रांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या शब्दांवरचा हक्क ३१ डिसेंबर २०२६ ला संपतो. गदिमांचा २०३७ अखेर. ध्वनिमुद्रणांचे आणि चालींचे हक्क वेगळे, त्यांच्या मुदतीही वेगळ्या. पण शैलेंद्रांचे शब्द घेऊन नवी चाल बांधायला, नवं गाणं करायला कुणाची परवानगी लागणार नाही. लोक ते करतील, करावंच. त्या नव्या गाण्यांखाली तुम्ही काय लिहिणार? पुन्हा ‘पारंपरिक’? रकाना आत्ताच केला नाही, तर पुढे या शब्दांच्या पोरकेपणाला तुम्हीच कारणीभूत असाल, आणि त्या वेळी विचारायला कंपनीही नसेल.

तर १४ डिसेंबरसाठी एक तासाची संहिता मी आखून ठेवली आहे, हवी तर फुकट घ्या. सुरुवात राज कपूरच्या वाढदिवसाने; आरकेचंच गाणं लावा, पण शैलेंद्रांचं लावा आणि माटुंग्याचा वर्कशॉप सांगा. मग ‘गाइड’ किंवा ‘बंदिनी’तलं एखादं, म्हणजे ते फक्त शंकर-जयकिशनपुरते नव्हते हे कळेल, सचिनदेव बर्मनांकडे त्यांनी जे लिहिलं ते मला तर आरकेच्या गाण्यांहून वरचं वाटतं. मधे डायना वॉशिंग्टन, मारिया ग्रेव्हेरच्या नावासकट. मग गदिमा: ‘इंद्रायणी काठी’ आणि लगेच ‘बुगडी’, एकापाठोपाठ, मधे जाहिरात न घालता. हे दोन्ही एकाच माणसाने लिहिलं, एवढं एकच वाक्य बोला. गीतरामायण त्या दिवशी नाही वाजवलं तरी चालेल, रामनवमीला आहेच. खारच्या ‘रिमझिम’ बंगल्यात राहणारा आणि वाकडेवाडीच्या ‘पंचवटी’त राहणारा, असे हे दोघे अकरा वर्षांच्या अंतराने एकाच तारखेला गेले, त्यासाठी वेगळी सजावट करायची गरज नाही.

डिसेंबरचं वेळापत्रक आधीच ठरून गेलं असेल, तर १ ऑक्टोबर धरा. गदिमांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ चा, आणि नोंदींत मजरूह सुलतानपुरींचाही तोच दिवस, तेच साल. एक सांगली जिल्ह्यातल्या शेटफळ्याचा, दुसरा उत्तर प्रदेशातला. सचिनदेव बर्मन त्याच तारखेचे, १९०६ चे. मजरूह आणि बर्मन मिळून तुम्हाला तासभर पुरतील एवढी गाणी आहेत, गदिमांची तर रात्रभर. निवेदन मी करायला तयार आहे. बिदागीचं नंतर बोलू.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवेदक, पुणे